चोवीस फूट उतार आणि एक टिटवी

६ मार्च

चि. भिंगरी,

थोरल्याचा आशीर्वाद. तुझा फोन येऊन गेल्याचं शेजारच्या वेल्डिंगवाल्याने सांगितलं. फोनवर मी 'काय? काय?' करायचं आणि तू ओरडून घसा बसवायचा, त्यापेक्षा हे पत्र बरं. कागदाला दोनदा विचारलं तरी तो चिडत नाही. तुझ्या लेकीने पाठवलेलं कानाचं यंत्र मी रोज घालतो, काळजी नको. फोनशी मात्र त्याचं जमत नाही.

आता कामाचं. घराचं जोतं दोन फूट उंच आहे. चाकाच्या खुर्चीला फुटामागे बारा फूट उतार लागतो, म्हणजे झाले चोवीस. दारापासून फाटकाकडे दोरी धरली, दोन्ही बाजूंनी फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारल्या, मध्ये चार फूट रुंदी सोडली. खडी काल आली, ती रेघांमध्ये पसरून ठेवली. ३१ मार्चला कठड्यासकट उतार तयार. कठडा वेल्डिंगवाला करतोय.

त्या चार पायऱ्या मीच बांधल्या होत्या ना, उंच आणि ताठ. तरुणपणी वाटतं, घर जेवढं उंच तेवढा मालक उंच. आता गुडघे सांगतात खरं काय ते.

तुला घाई असेल, पण माझा नियम तुला ठाऊक आहे. कच्च्या कामावरून मी माणूस नेत नाही. चाळीस वर्षांत नेला नाही. तेव्हा काम पक्कं होऊ दे, मग ये, आणि आलीस की परत जायचं नाव काढू नकोस. मागची खोली पुसून ठेवली आहे. खिडकीची कडी नीट लागत नव्हती, ती बसवली.

तुझा
दादा


१३ मार्च

दादास भिंगरीचा नमस्कार.

भिंगरी आता चार चाकांवर आली तरी तू नाव बदललं नाहीस, बरं वाटलं. कंबरेचं हाड जुळलंय म्हणतात डॉक्टर, पण पाय ऐकत नाहीत. चौतीस वर्षं प्रसूतिगृहात या खाटेवरून त्या खाटेवर धावले, आता त्यांनी रजा घेतली, दुसरं काय.

इकडचं ऐक. लेकीची बदली पक्की झाली. ३० एप्रिलला तिला निघायचं आहे, आणि तिकडे मिळालेली जागा चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. म्हणजे माझं तिच्याबरोबर जाणं संपलं. तुझ्याकडे यायचं म्हटल्यावर ती खूश झाली खरी. दुसऱ्या दिवशी एका ज्येष्ठांच्या निवासाचा फॉर्म घेऊन आली. दोन गल्ल्या सोडून आहे. मी बघून आले. स्वच्छ आहे, नर्स आहेत, प्रत्येक खाटेपाशी घंटा आहे. १५ एप्रिलपर्यंत हो की नाही कळवायचं आहे.

मी विचारलं, "मामा एवढा उतार बांधतोय, मग हे कशाला?" तर म्हणाली, "आई, तू न्हाणीत घसरलीस, हाक मारलीस, आणि मामाला ऐकूच आली नाही तर?"

मी म्हटलं, "मामा यंत्र घालतो."

"घालतो?" म्हणाली आणि एक भुवई अशी उडवली की काय सांगू, थेट आपल्या आईची भुवई!

तर दादा, घालतोस ना? हे एकदा साध्या शब्दांत लिही. मग मी तो फॉर्म परत देते.

तुझी
भिंगरी


२४ मार्च

चि. भिंगरी,

पत्र पोचलं. मधले आठ दिवस कंबर धरली होती, म्हणून उत्तराला उशीर झाला. आता बरा आहे.

काम थोडं थांबलं आहे. घाबरण्यासारखं काही नाही. खडीवर सध्या हात लावण्यासारखी परिस्थिती नाही एवढंच. काही गोष्टींना बसायला त्यांचा वेळ द्यावा लागतो, त्यांना उठवून चालत नाही. १० एप्रिलपर्यंत थांबावं लागेल असा माझा हिशोब आहे. कामातली गोष्ट आहे, पत्रात समजावता येणार नाही. वाळूही जरा बारीक निघाली आहे.

यंत्र छान आहे. लेकीला सांग, मामा आभारी आहे.

हवा तापायला लागली आहे. पाणी पीत जा.

दादा


३० मार्च

दादा,

मला बांधकामातलं कळत नाही, पण तू कळतोस. खडी बसते म्हणे! वाळू बारीक निघाली म्हणे! चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस वाळू न बघता घेतो होय? खोटं बोलायची तुला सवय नाही, म्हणून एका ओळीला दोन कारणं देतोस. खरं असतं तर एकच दिलं असतंस.

मागचं काढणार नव्हते, पण आता काढते. वहिनी गेली त्या वर्षी मी म्हणाले होते, दादा, मी येऊन राहते तुझ्याजवळ. तू म्हणालास, "पायऱ्या फार उंच आहेत." तेव्हा मी दोन पायांवर होते रे. तुझ्या पायऱ्या मी धावत चढत होते. मनात म्हटलं, असेल काही.

आता पायऱ्यांच्या जागी खडी आली.

नको असेन तर नको म्हण. मी रडणार नाही. प्रसूतिगृहात रडणाऱ्यांना गप्प करण्यात माझा जन्म गेला. पण गोल गोल फिरवू नकोस. भिंगरी मी आहे, तू नाहीस.

फॉर्मवर सही करून तो पाकिटात घातला आहे. पाकीट चिकटवलेलं नाही, एवढंच.

भिंगरी


३ एप्रिल

चि. भिंगरी,

तुझं पत्र वाचलं आणि पायरीवर बसून राहिलो. दुपारचा चहा गार झाला. आता सगळं लिहितो, शेवटपर्यंत वाच, मध्येच पाकीट चिकटवायला उठू नकोस.

उतारावर टिटवी बसली आहे.

थट्टा नाही. माझी कंबर धरली होती त्या आठ दिवसांत अंगण मोकळं होतं, तेवढ्यात तिने जागा धरली. २० मार्चला बरं वाटलं म्हणून घमेलंभर खडी घेऊन फाटकाकडे निघालो. फाटकापासून चार फुटांवर घमेलं ओतायला वाकलो, तेवढ्यात टोपीवर फाडकन थापड बसली. वाटलं, वेल्डिंगवाला चेष्टा करतोय. वळून बघतो तर कोणी नाही. पुन्हा वाकलो, पुन्हा थापड! टोपी उडून पडली. वर बघितलं तर ही बया पंख झापत गिरक्या घेते आहे, चोच उघडी. ओरडत असणार बिचारी. पायाशी बघितलं, तर माझ्या बुटापासून वीतभर अंतरावर चार अंडी.

भिंगरी, अंडी अशी की खडीच. तोच रंग, तेच डाग. चारही टोकं आत वळवून ठेवलेली. घरटं म्हणशील तर काही नाही, नुसता खळगा आणि कडेला चार बारीक खडे. एवढ्या बांधकामात तिचं भागतं. आणि जागा कुठली? माझ्या फक्कीच्या दोन रेघांच्या बरोबर मधोमध. ओळंबा धरून बसली असती तरी एवढी मध्यावर बसली नसती.

दिसायला ऐटबाज आहे. काळी छाती, डोळ्यांपुढे तांबडी चामडी, पिवळे लांब पाय, आणि चालते अशी की नव्या चपला चावत असाव्यात. नर-मादी आळीपाळीने बसतात. लोक म्हणतात टिटवी पाय वर करून झोपते, आभाळ पडलं तर पेलायला. मी नीट पाहिलं. पाय खालीच असतात.

वेल्डिंगवाला म्हणाला, "काका, फावड्यावर घ्या अलगद आणि ठेवा पलीकडे. दहा फुटांनी काय बिघडतंय?"

मी म्हटलं, "तुझं दुकान उचलून दहा फूट पलीकडे ठेवतो, गिऱ्हाईक येतं का बघ."

"अहो, तिला काय कळतंय?"

"तिला कळत नाही म्हणूनच हलवायचं नाही. तिने जागा लक्षात ठेवली आहे, अंडी नाहीत."

हे मला कोणी शिकवलेलं नाही, नुसतं बघून वाटलं. तेव्हा काम थांबवलं. लहानपणी आपल्या कोंबड्या एकवीस दिवस बसायच्या, त्या हिशोबाने १० एप्रिल. तुला लिहिलं नाही, कारण वाटलं, तू म्हणशील, बहिणीपेक्षा याला पाखरू जड झालं.

आता पायऱ्यांचं. तुझ्या वहिनीनंतर मला घरात एकट्याने बसायचं होतं. कोणी समोर असलं की बरा आहे असं दाखवावं लागतं, आणि मी बरा नव्हतो. ते सांगायची लाज वाटली, म्हणून पायऱ्यांच्या माथी मारलं. पायऱ्यांची चूक नव्हती. माझी होती. तू विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही, त्यातच दोन वर्षं गेली.

तू नको आहेस असं पुन्हा लिहू नकोस.

दादा


७ एप्रिल

दादास नमस्कार, आणि टिटवीला दोन नमस्कार.

हसून हसून माझ्या खुर्चीचा ब्रेक सुटला. तुझी टोपी उडालेली मला दिसली. लेक धावत आली, म्हणाली, "आई, काय झालं?" म्हटलं, "मामाला मार पडला." मग तीही हसली. तुझ्या पत्रात पायऱ्यांबद्दल लिहिलंस ते मी दोनदा वाचलं. त्यावर आता काही लिहीत नाही. समजलं.

अरे, पण एवढ्यासाठी लपवाछपवी? मी जन्मभर बाळंतिणी सांभाळल्या आणि तू मलाच विचारायला लाजलास! आता तुझं अंगण म्हणजे माझा वॉर्ड. ऐक. काम अजिबात थांबवायचं कारण नाही, पण भेटीची वेळ ठरव. ऊन चढायच्या आत सकाळी थोडं आणि उन्हं उतरल्यावर थोडं, बस. भर दुपारी तू तिथे उभा राहिलास तर ती उठणार, आणि उघडं अंडं उन्हात शिजणार. तिच्या अंगावर सरळ चालून जाऊ नकोस, कडेकडेने जा, आणि तिच्या डोळ्यांत डोळे घालू नकोस. नव्या बाळंतिणीला टक लावून बघितलेलं आवडत नाही. खळग्यापासून दोन पावलांवर चार काठ्या रोव आणि दोरी बांध, म्हणजे तुझ्या वेल्डिंगवाल्याचा बूट तिकडे वळणार नाही. ठोकाठोकी आणि ठिणग्या त्याने त्याच्या दुकानात करायच्या. अंगणात पसरट भांड्यात पाणी ठेव. आणि काम वरच्या टोकाने सुरू कर, दाराकडून. टिटवीसुद्धा समुद्र आटवते म्हणतात, तुझे चोवीस फूट काय घेऊन बसलास!

हसणं झालं. आता खरं.

तू लिहिलंस, 'ओरडत असणार बिचारी.' असणार म्हणजे? दादा, टिटवी माणूस दिसताच गल्ली डोक्यावर घेते. तू घराच्या दारातून निघाल्यापासून ती ओरडली असेल. वीस फूट ओरडली असेल. आणि तिला शेवटी तुझ्या टोपीवर मारावं लागलं.

यंत्र कुठे आहे?

मी प्रसूतिगृहात लागले तेव्हा आमच्याकडे फक्त एक लाकडी नळी होती. पोटावर एक टोक ठेवायचं, दुसऱ्या टोकाला कान लावायचा. बाई म्हणे, सिस्टर, पोट तर मोठं दिसतंय, सगळं ठीक आहे ना? मी सांगायची, दिसण्यावर नाही, ठोका ऐकल्यावर सांगीन. माझ्या लेकीचंही तेवढंच म्हणणं आहे. उतार दिसतोय तिला. तिला ऐकायचं आहे.

पाकीट अजून उघडं आहे. पंधरा तारीख जवळ येते आहे.

भिंगरी


१३ एप्रिल

चि. भिंगरी,

यंत्र खिळ्यांच्या डब्यात होतं. तीन इंची आणि चार इंची यांच्यामध्ये. पाठवलंत त्या आठवड्यात दोन दिवस घातलं, कानात कोणी पत्रा घासतंय असं वाटलं, काढून ठेवलं. तुला मात्र रोज घालतो म्हणून लिहीत राहिलो. आता तोंड दाखवायला जागा नाही, बरं झालं पत्र आहे.

इकडे दहा तारीख उलटली. एकवीस झाले, बावीस झाले, अंडं काही फुटेना. वेल्डिंगवाला कठड्याची मापं घ्यायला आला, तोही तोंडावर वेल्डिंगचा मुखवटा चढवून, टिटवीच्या भीतीने. मुखवट्यातूनच काही बोलला. मला ऐकू आलं नाही. मुखवटा वर करून म्हणाला, "काका, वांझ निघाली अंडी. तुमची बहीण निघून जाईल कुठेतरी आणि तुम्ही दगड उबवत बसाल."

खरं सांगू? त्या संध्याकाळी मी फावडं हातात घेतलं होतं. पंधरा तारखेची टाचणी मनाला टोचत होती. दोरीपर्यंत गेलो. मग तुझी लाकडी नळी आठवली. दिसण्यावर नाही, ठोका ऐकल्यावर. परत फिरलो, डबा उपडा केला, यंत्र चार्जिंगला लावलं आणि सकाळी घातलं.

काय गोंगाट आहे गं जगात! माझ्या चपला बोलतात. नळ ठिबकतो, तो किती दिवस ठिबकतोय देव जाणे. आणि मी जेवताना एवढा आवाज करतो हे तुझी वहिनी कधी बोलली नाही. किती सोसलं असेल तिने.

दोरीशी जाऊन बसलो. टिटवी ओरडली, आणि मी दचकून उठलो. एवढं ओरडणं मी आठ-दहा पावलांवरून ऐकलं नव्हतं! माझीच मला भीती वाटली. थोड्या वेळाने ती गप्प झाली, अंगाखाली अंडी सारखी केली, आणि अगदी हलक्या आवाजात काहीतरी कुरकुरली. ओरडण्यातलं नाही ते. घरातलं बोलणं. मेलेल्या अंड्यांशी कोणी बोलत नाही, असं माझ्या मनाने घेतलं. फावडं जागेवर ठेवलं.

तू सांगितलंस तसं काम वरून सुरू केलं आहे. चाळीस वर्षं खालून वर बांधत आलो, पहिल्यांदाच वरून खाली येतोय. हाताला विचित्र वाटतं. चौदा फूट झाले. राहिले दहा, त्यात ती बसली आहे. दुपारी ती पाण्याच्या भांड्यात पोट भिजवून येते आणि ओल्या पिसांनी अंड्यांवर बसते. मी सिमेंटवर ओली पोती टाकतो, ती अंड्यांवर ओलं पोट. दोघांचं एकच काम चाललंय.

आता लेकीसाठी लिहितो, तिला वाचून दाखव. वेल्डिंगवाल्याला तुझ्या खोलीत बसवलं आणि हाक मारायला लावली. "दादा म्हण," म्हटलं तर लाजला, "काका म्हणू का?" म्हणाला. मी सगळीकडे उभा राहून मोजलं. तुझ्या खोलीतून स्वयंपाकघरात ऐकू येतं. दार लोटलं तरी येतं. अंगणात फाटकापर्यंत येतं, वारा नसला तर. न्हाणीचं दार बंद आणि पाणी चालू असेल तर येत नाही. अजिबात नाही. तीनदा मोजलं. म्हणून न्हाणीत हाताशी येईल अशी दोरी सोडली आहे आणि तिच्या टोकाला माझ्या खाटेच्या उशाशी घंटा बांधली आहे, अशी की मेलेलाही उठेल. झोपताना यंत्र काढावं लागतं, तेव्हाही ती घंटा ऐकू येते. वेल्डिंगवाल्याने दोनदा ओढून पाहिली, दोन्ही वेळा उठलो.

आहे ते हे असं आहे. यापेक्षा चांगलं दाखवलं तर पुन्हा खोटं होईल. निवासात प्रत्येक खाटेपाशी घंटा आहे आणि तिथल्या नर्सचे कान तरुण आहेत. फॉर्म पाठवलास तर मी रुसणार नाही. उतार तरीही पुरा करीन. भेटायला येशीलच कधीतरी.

तुझा
दादा


१६ एप्रिल

दादा,

तुझं पत्र काल पोचलं, पंधरालाच. लेकीला वाचून दाखवलं. 'तीनदा मोजलं' इथे ती थांबवून म्हणाली, "पुन्हा वाच." वाचलं. मग ती उठून आत गेली आणि बराच वेळ भांडी घासत राहिली. घासलेलीच भांडी.

बाहेर येऊन म्हणाली, "ऐकू येत नाही असं ज्याने लिहून दिलं, त्याच्याकडे तू जा."

निवासवाल्यांना नाही म्हणून कळवलं. फॉर्मच्या मागे मी बांधाबांधीची यादी केली आहे, कागद चांगला जाड आहे.

आणि तुझ्या त्या एकवीस दिवसांचं. अरे, कोंबडीचा हिशोब टिटवीला कसा लागेल? लेकीने शोधून काढलं, अठ्ठावीस ते तीस दिवस लागतात. म्हणजे तुझी बाळंतीण वेळेवरच आहे, तूच घाईत आहेस. तारीख उलटली म्हणून मी कधी कोणाला घरी पाठवलं नाही. फावडं लांब ठेव.

२९ एप्रिलला निघते. तोवर खालचे दहा फूट नाही झाले तरी येते. तू आणि तुझा मुखवटेवाला मिळून खुर्ची उचला. तुझा नियम मोडेल, मोडू दे.

भिंगरी


२० एप्रिल

चि. भिंगरी,

नियम मोडायची वेळ आली नाही!

१८ तारखेला सकाळी यंत्र घालून दोरीशी बसलो होतो. टिटवीच्या कुरकुरीत आणखी काहीतरी ऐकू आलं. तेल न घातलेल्या बारीक बिजागरासारखं. आधी वाटलं, यंत्रच बिघडलं. काढून फुंकर मारली, पुन्हा घातलं. तेच. मग लक्षात आलं, हे अंगाखालून येतंय. मी वेल्डिंगवाल्याला हाक मारली, तो मुखवटा विसरूनच धावत आला. दोघे म्हातारे अंगणात उकिडवे बसलो. तो पन्नाशीचा आहे, पण त्या वेळी म्हाताराच दिसत होता.

दुपारपर्यंत तीन पिल्लं. लोकरीच्या गोळ्याला काड्या टोचाव्यात तशी. अंग वाळलं न वाळलं तोच चालायला लागली, आणि संध्याकाळी आईबापाच्या मागे तुरुतुरु गवताकडे गेली. चौथं अंडं उघडलं नाही. रात्रभर वाट पाहिली, ती दोघं त्याच्याकडे परतली नाहीत. ते झुडपाखाली ठेवलं. तीन बोलली, एक नाही बोललं. तू असं पुष्कळ पाहिलं असशील.

काल पहाटे खालचे दहा फूट ओतले. दहा दिवस पाणी मारायचं, म्हणजे २९ ला पक्कं. बरोबर बसलं. माझ्यामुळे नाही, तिच्यामुळे.

एक गंमत. सिमेंट ओलं असताना एक पिल्लू गवतातून आलं आणि खालच्या टोकावरून आरपार चालत गेलं. बारीक बारीक पावलं, एका रेघेत. वेल्डिंगवाला म्हणाला, "काका, राहू द्या, आठवण राहील." मी थापी फिरवली. गवंडी आहे मी, उतारावर खड्डे ठेवू? तुझं चाक अडलं असतं.

ये आता.

दादा


३० एप्रिल

चि. बाळ,

काल सुखरूप पोचले. तुझी गाडी आज निघाली असेल, हे पत्र तुला नव्या पत्त्यावर मिळेल.

आपलं ठरलं होतं ते मी केलं. मामाला या परीक्षेचं काही कळवलं नव्हतं. फाटकापाशी गाडी थांबली तेव्हा ड्रायव्हरला म्हटलं, "सामान काढू नका, जरा थांबा." तो म्हणाला, "का, घर चुकलं का?" म्हटलं, "ते आता कळेल."

मामा उतारावर उभा होता, आमच्याकडे पाठ करून. हातात नळी, पाणी मारत होता. नेहमीची मळकी टोपी. टिटव्यांनी गाडी पाहून ओरडायला सुरुवात केली होती, त्या गोंगाटात माझी हाक कुठली ऐकू जाणार असं वाटलं. पण तू म्हणाली होतीस, एकदाच, आणि घरातल्या आवाजात. नाही वळला तर त्याच गाडीने परत, पुढचं मग बघू. खरं सांगते, माझ्या हाताला घाम फुटला होता. चौतीस वर्षं नळीला कान लावताना फुटायचा तसा.

काच खाली केली आणि म्हटलं, "दादा."

तो वळला नाही.

पाठ तशीच ठेवून त्याने डावा हात वर केला आणि म्हणाला, "आलीस? थांब जरा. पोरं ओलांडतायत."

मान उंच करून पाहिलं तर खरंच, टिटवी पुढे आणि तिची तीन पोरं मागे, उतार आडवा ओलांडून पाण्याच्या भांड्याकडे चालली होती. घाई कसली ती नाही. एक मध्येच थांबून सिमेंटवर काही टोचत बसलं. मामा नळी बाजूला धरून उभा, ड्रायव्हर उभा, मी गाडीत बसलेली. एवढी वर्षं हा माणूस तिसऱ्या हाकेला 'काय?' म्हणत आला. पहिल्या हाकेला उत्तर दिलं ते हे, आणि तेही 'थांब' म्हणून.

शेवटचं पोरगं गवतात गेलं. मग मामा वळला, टोपी सारखी केली, आणि म्हणाला, "हं, आता तू."

ड्रायव्हरला म्हटलं, "काढा सामान."